चौथी चकती

दशरथने पट्टा सरकवला आणि लेथवर फिरणारी लोखंडी चकती हळूहळू थांबली. तिचा पृष्ठभाग अजून अर्धाच सोलून झाला होता. श्यामसुंदरने त्याच्याकडे पाहिलं. दशरथ शेडच्या दाराकडे बघत होता. तिथे शेजारचा नंदू सायकल धरून उभा होता. एरवी तो सायकलवर बसूनच हाका मारायचा.

"श्यामकाका, चला."

"काय झालं?"

"आईने पाठवलंय, हॉस्पिटलातून." नंदूने सायकलच्या मुठीकडे पाहिलं. "वनमालाकाकू गेल्या."

श्यामसुंदरच्या हातात एक बोल्ट होता. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. दशरथने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊ. शेड लावून मी येतोच."

मरोळहून सांताक्रूझपर्यंत तो नंदूच्या मागे कॅरिअरवर बसून गेला. वॉर्डात प्रेमाकाकू, म्हणजे नंदूची आई, खाटेजवळ उभी होती. बायकोच्या, वनमालाच्या, कपाळावर केसांची एक बट आली होती. ती सारायला त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. हात तेलाने काळे झाले होते, नखांत लोखंडाचा कीस होता. सिस्टरने ते पाहिलं. तिने साबण आणि पाण्याचा जग आणून स्टुलावर ठेवला. त्याने पुष्कळ वेळ हात धुतले. तोवर तिने कुणालाच खाटेजवळ येऊ दिलं नाही. त्या सिस्टरचं नाव त्याला कधी कळलं नाही. तो साबण मात्र पुढे बरेच दिवस आठवत राहिला.

त्याच दिवशी सकाळी वनमालानेच त्याला पिटाळलं होतं.

"इथे बसून माझं तोंड काय बघताय? प्रेमाकाकू आहेत ना. जा, ती चौथी चकती घेऊन या. घरी येईन तर आपल्या गाडीतून. टॅक्सीत मला मळमळतं."

"गाडीत नाही मळमळणार?"

"बाबांच्या गाडीत कधी मळमळलं नाही."

तिला घरी आणल्यावर प्रेमाकाकूने तिच्या कपाळावर मळवट भरला, तेव्हा श्यामसुंदरला तो खाकी कागद आठवला.

गाडी वनमालाच्या वडिलांची. ते घाटकोपरला डॉक्टर होते. ते गेल्यावर गाडी अंधेरीला आली आणि मागच्या अंगणात उभी राहिली. चाकांच्या तारा गंजून गेल्या होत्या आणि त्या मापाचे टायर कुठेच मिळत नव्हते. नंदूने कुर्ल्याला लढाईतल्या जुन्या सामानात जीपच्या रिम हुडकल्या. त्या आणल्यावर कळलं की गाडीला चार बोल्ट आणि रिमला भोकं पाच. गल्लीतला प्रत्येक जण येऊन वाकून बघून गेला. त्याच गल्लीत राहणारा दशरथही आला. "गाडीला बैल जुंपा, श्यामभाऊ," असंही कुणीतरी सांगून गेलं.

वनमाला ओटीवर ब्लाउज शिवत होती. ती तोंडातल्या टाचण्या काढून बाहेर आली.

"कापड कमी पडलं की मी काय करते? मधे जोड लावते. एका अंगाने तो याला शिवायचा, दुसऱ्या अंगाने त्याला."

ब्लाउज बेतायचा खाकी कागद तिने आणला. गाडीच्या चारही बोल्टांच्या टोकांना ओलं कुंकू लावलं आणि कागद त्यांच्यावर दाबला. मग तसाच रिमवर ठेवून पाच भोकं पेन्सिलीने गिरवली. दशरथने कागद उजेडात धरून पाहिला.

"बेत झकास आहे, वहिनी. शिवण फक्त लोखंडाची घालावी लागेल."

"घाला. पण उसवता कामा नये हं. मी बसणार आहे त्यात."

गाडी आणि रिम यांच्यामधे बसवायच्या तीन चकत्या झाल्या, तीन चाकं बसली. मग तिच्या छातीत पाणी झालं आणि तिला सांताक्रूझला ठेवावं लागलं. चौथ्या चाकाच्या जागी गाडीखाली विटा होत्या.

दहाव्याला वेसाव्याच्या खाडीवर पिंड ठेवले. भटजी म्हणाले, "त्यांची काही इच्छा राहिली असेल तर मनात आणा, ती पुरी करीन म्हणा." श्यामसुंदरने डोळे मिटले. तो काही म्हणणार, तेवढ्यात कावळा येऊन पिंड उचलून गेलासुद्धा. वनमालाला कुणाला ताटकळत ठेवायला आवडत नसे.

"सुटल्या," भटजी म्हणाले. "काही राहिलेलं नाही."

श्यामसुंदरने मान हलवली. घरी आल्यावर, गाडी उभी होती त्या मागच्या अंगणातून न जाता तो पुढून आत गेला.

तेराव्यानंतर तो मरोळला निघाला. दशरथला काय सांगायचं ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. चकती राहू दे. गाडी मी विकतो. तुझं लोखंड त्यात अडकलंय, ते काढून घे.

दशरथची शेड बंद होती. शेजारच्या धाकूच्या शेडमध्ये मशीन चालू होतं आणि मशीनवर दशरथ होता. धाकू बाहेर खोक्यावर बसून चहा पीत होता.

"या श्यामभाऊ. हा बघा, स्वतःचं घर असून भाडेकरू झालाय. मी चहाला उठलो की माझ्या मशीनवर हा."

"का? त्याच्या मशीनला काय झालं?"

"त्यालाच विचारा."

दशरथ हात पुसत बाहेर आला. त्याने काही न सांगता आपली शेड उघडली. लेथवर धुतलेलं धोतराचं फडकं पसरलेलं होतं. त्याने ते उचललं. चकती लेथच्या जबड्यात होती तशीच होती. वर तेलाचा हात फिरवलेला होता. गंजाचा एक ठिपका नव्हता.

"काढली नाहीस?"

"एकदा सोडवली की परत तश्शी धरता येत नाही, भाऊ. केसभर फरक पडतोच. मग चाक डुलतं."

"डुलतं कसलं डोंबलाचं!" धाकू चहाचा ग्लास घेऊन दारात आला होता. "याला काय परत सेंटर काढून बरोबर मधोमध धरता येत नाही? गिऱ्हाइकं माझ्या दारात उभी करतो. मी रोज सांगतो, सोडव ती. तर म्हणतो, वहिनींचं काम अर्धं आहे, मधे दुसऱ्याचं घालायचं नाही."

"तू जा रे मेल्या, चहा पी तुझा."

दशरथ फडक्याची घडी घालत राहिला. घडी नीट बसेना. त्याने ती मोडून परत घातली.

श्यामसुंदर लेथजवळ गेला. हत्यार जिथे थांबलं होतं तिथे एक बारीक पायरी होती. अलीकडे काळं लोखंड, पलीकडे चकचकीत. त्याने त्या पायरीवर बोट ठेवलं. धाकूने चहा पिणं थांबवलं.

"पट्टा चढव, दशरथ," श्यामसुंदर म्हणाला.

चकती पुरी झाली. कुंकवाच्या चार ठिपक्यांवर चार भोकं पडली, पेन्सिलीच्या खुणांवर पाच. दुसऱ्या दिवशी विटा निघाल्या आणि चौथं चाक बसलं. नाक्यापर्यंत गाडी नेली तेव्हा वळताना पुढचा टायर मडगार्डला घासायला लागला. चकतीच्या जाडीएवढं चाक बाहेर आलं होतं. धाकू हातोडी घेऊन आला आणि शिव्या देत देत त्याने मडगार्ड ठोकून दिलं. प्रेमाकाकूने बॉनेटला हळदकुंकू लावून नारळ फोडला. चाक डुललं नाही.

सगळे पांगल्यावर श्यामसुंदरने हाक मारली.

"दशरथ."

"काय भाऊ?"

खोबऱ्याची वाटी श्यामसुंदरच्या हातात होती. ती त्याने अख्खी दशरथच्या हातावर ठेवली.

"मुलांना दे."

"होय," दशरथ म्हणाला, आणि ती दोन्ही हातांनी धरून गेला.

संध्याकाळी नंदू आला.

"काका, हॉस्पिटलात काकूंचं गाठोडं पडलंय. शाल, फणी, तांब्या. सिस्टरने जपून ठेवलंय म्हणे. उद्या सायकलवरून घेऊन येऊ?"

"नको रे. गाडीतूनच आणायचंय."

गाडीत पेट्रोल आहे. शेजारची सीट पुसून झाली आहे. सांताक्रूझला जायचं तेवढं राहिलं आहे.