पांगुळगाड्याच्या पुढचे दोन हात

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. तीन चाकं, धरायला एक आडवा दांडा आणि तोंड जरा फटकळ. लाकूड मात्र अस्सल. आजकालच्या त्या प्लॅस्टिकच्या, बटण दाबलं की गाणी म्हणणाऱ्या गाड्यांशी माझी तुलना करू नका. मला राग येतो.

एका सुताराने मला आपल्या लेकासाठी घडवलं. कोवळ्या तळहाताला कुसळ टोचू नये म्हणून दांड्यावर रंधा मारून मारून तो आरशासारखा केला. लेक दांडा धरून उभा राहिला, तशी त्याची आई माझ्यापुढे वाकून हात पसरून उभी राहिली. तो एक पाऊल पुढे आला की ती एक पाऊल मागे. तो भोकाड पसरायचा. त्याला वाटायचं, आई पळून चालली. तिचे हात त्याच्या दंडांपासून वीतभरही लांब नव्हते, हे त्याला कुठलं दिसायला!

लेक चालू लागला, मग पळू लागला. गल्लीतली निम्मी पोरं माझ्यावरच उभी राहिली. सगळे म्हणायचे, "गाडा मोठा गुणाचा!" पुढे कुणाला गरज उरली नाही आणि माझ्यावर कांद्यांची टोपली आली. आता सांगा, हे शोभतं का?

वर्षं गेली. सुतार देवाघरी गेला. लेक रंगारी झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. आणि एके दिवशी तो उंच शिडीवरून पडला. दोन्ही पाय मोडले. हाडं जुळून आली, पण डॉक्टरांनी बजावलं, "आता चालला नाही, तर पाय कायमचे आखडतील." हा पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दवाखान्यातून आणलेला वॉकर, म्हणजे माझाच तो बिनचाकांचा भाऊबंद, कोपऱ्यात धूळ खात होता.

नात उभी राहायला लागली, तेव्हा रंगाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने मला बाहेर काढून धुतलं, चाकांना तेल दिलं आणि लेकाच्या पलंगाशी आणून ठेवलं.

"ऊठ," ती त्याला म्हणाली.

"नको, आई. देवानेच टाकलंय मला. जेवढी हाक मारावी, तेवढा लांब जातोय."

म्हातारीला अक्षरं लावून लावून वाचावी लागत. पण बायबलमधला होशेय संदेष्टा तिला शेजाऱ्यासारखा ठाऊक होता.

"इस्राएल लोकांशी देवाने करार केला होता," ती म्हणाली. "त्यांनी तो किती वेळा मोडला! मी असते तर दार लावून घेतलं असतं. देवही चिडला, चांगलाच चिडला. पण शेवटी म्हणाला काय? ह्या लेकराला पाऊल टाकायला मी शिकवलं, ह्याच्या दंडाला मी धरलं, आता ह्याला सोडू तरी कसा? शब्द मोडला तो त्यांनी. त्याने नाही."

"मग लांब का जातोय?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचार. मी मागे सरले नसते, तर तू अजून ह्यालाच धरून उभा राहून बायकोला हाका मारत असतास!"

रंगारी हसला. किती दिवसांनी हसला!

म्हातारीने वॉकर पुढे ठेवला आणि हात पसरून मागे मागे सरकू लागली. तिचे गुडघे कटाकट वाजत होते.

"आई, पडशील."

"पडले तर उचलायला तरी ऊठ, शहाण्या."

तो वॉकर धरून उठला. एक पाऊल टाकलं आणि कोसळणार, तोच तिने दोन्ही दंड धरले. त्या दिवशी तेवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तो तिच्यावर ओरडला, तिसऱ्या दिवशी रडला. ती रोज सकाळी पुढ्यात हजर. मग एका सकाळी ती मागे सरकत सरकत उंबरठ्याबाहेर गेली आणि तिच्यामागोमाग तोही उन्हात जाऊन उभा राहिला. म्हातारी एवढंच म्हणाली, "चल, आता दाढी कर. भूत दिसतोस." आणि पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर दारातून उपदेश करू नका. पुढ्यात जाऊन उभे राहा, हात पसरा. त्याने शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. दमला तर बसू द्या आणि उद्या पुन्हा या. देव अजून माणसांकडे असाच येतो आहे.