महादूचा फोटो

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९६५, सकाळी सव्वासहा. महादू होडी किनाऱ्याला लावून तारापूरच्या घरी आला, तेव्हा दार सताड उघडं होतं, चुलीशी रक्त सांडलं होतं आणि त्याची बायको हंसा घरात नव्हती.

मूल होत नाही म्हणून तो वाणगावची दुसरी करणार, हे गावाला ठाऊक होतं. गावाने बोट दाखवलं ते त्याच्याकडेच.

अणुवीज केंद्राच्या बांधकामाची बातमी घ्यायला मुंबईचा एक वार्ताहर आला होता. शनिवारी तो महादूच्या दारात आला. फोटो म्हणताच महादूने आंघोळ केली, लग्नातला कोट चढवला. त्याचा फोटो निघाला होता तो एकदाच, लग्नात, आणि तेव्हा सगळ्यांनी हसायला सांगितलं होतं. तो हसला. सोमवारी पेपरात मथळा होता: ‘पत्नी बेपत्ता, पती खुशीत.’ दुपारी पालघरच्या फौजदाराने त्याला कोठडीत घातलं.

नवव्या दिवशी हंसा त्याच वार्ताहराबरोबर बोईसरला गाडीतून उतरली. नवऱ्याने मारलं, जीव घेऊन पळाले, पण नांदवणार असेल तर माफ आहे, असं तिने फलाटावर रडत सांगितलं. बायका तिच्या पाया पडल्या. महादू सुटला; मारहाणीची तक्रार मात्र फौजदाराने मिटवली नाही, नीट नांदवतो का बघू म्हणाला. वाणगावहून सोयरिकीचा नारळ परत आला.

मग जवळच्या पाम गावाहून हंसाची मावशी सोजराबाई आली आणि महादूला बाजूला घेऊन बोलली. हंसा पहिल्या दिवसापासून तिच्याकडेच होती. रक्त कोंबडीचं. वार्ताहराने तिला रविवारीच शोधून काढलं होतं आणि आणखी आठवडाभर दडून राहा म्हणून बजावलं होतं.

हंसा बोंबील वाळत घालत होती.

“मावशीकडं व्हतीस,” महादू म्हणाला. “पेपरवाल्याला ठावं व्हतं.”

“मंग सांग जा फौजदाराला. हसलेला तू, रडलेली मी. कोनाचं ऐकल तो?”

“मंग ऱ्हातेस कशाला माज्याजवळ?”

“बायको हाय तुजी,” ती म्हणाली. “पेपरात लिवलंय.”

तो गेलाच. फौजदाराने ऐकून घेतलं, पामला माणूस धाडला, सोजराबाईचा जबाब लिहून घेतला. अंगठा द्यायच्या वेळी तिने विचारलं, पोरीला तुरुंग होईल का. होऊ शकतो, असं उत्तर मिळालं.

शनिवार, ६ मार्चपर्यंत तिने अंगठा दिलेला नाही.