केवढीशी लाट

मित्रांनो, मला जरा हलवून बघा. आतून खुळखुळ आवाज येईल. ते समुद्राचं मीठ आहे. मी एक जुना कॅमेरा आहे. फॅरो बेटांवरच्या एका घरात, समुद्राकडच्या खिडकीत बसून असतो. डोळा फुटलेला, बटणं गंजलेली आणि गळ्यातला पट्टा अर्धाच! तो अर्धा का, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या हातमोज्यांनी माझ्या पोटात एक इवलासा आरसा बसवला. लेन्समधून आलेलं जग तो आरसा बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचवतो. पण फोटो काढताना तो उचलला जातो, आणि तेवढा वेळ बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. नुसता काळोख! हे लक्षात ठेवा हं.

या घरातली थोरली मुलगी सुन्नुवा मोठी झाली म्हणून चर्चमध्ये तिची दीक्षा झाली, त्या दिवशी मी भेट म्हणून इथे आलो. सुन्नुवा आनंदाने नुसती उड्या मारत होती. पहिलाच फोटो काढला आणि तिचा चेहरा पडला.

"आजोबा, हा बिघडलेला आहे. सगळं काळंच येतंय!"

"अगं बये, आधी झाकण तर काढ त्याचं!" हानुस आजोबा म्हणाले. तिची धाकटी बहीण बिरिता हसून हसून जमिनीवर लोळली.

मग आमची गट्टी जमली. सुन्नुवा झटपट शिकली. उजेड कमी असेल तर माझ्या भिंगामागचं छिद्र मोठं उघडायचं, पाखरू उडत असेल तर झडप चटकन पाडायची, आणि पाणी धुक्यासारखं मऊ दिसायला हवं असेल तर झडप खूप वेळ उघडी ठेवून मला तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर, बसवायचं. आणि पहिला धडा कोणता? पट्टा मनगटाला घट्ट गुंडाळायचा, म्हणजे कॅमेरा पडत नाही. सगळे हेच शिकवतात. मलाही तेव्हा किती बरं वाटायचं!

एका हिवाळ्यात दुसरी लेन्स घ्यायची ठरली. एक लांब नळीची होती, दूरचं जवळ आणणारी. दुसरी रुंद, सगळं आकाश पोटात घेणारी.

"लांबची घे," आजोबा म्हणाले. ते आयुष्यभर होडीवर होते आणि गळ्यात कायम दुर्बीण असायची. "दूरचं जवळ दिसलेलं बरं असतं."

"ती पक्ष्यांसाठी असते हो! मला अख्खा समुद्र हवाय, आजोबा."

"अख्खा समुद्र कोणाला हवा असतो का, वेडे?"

रुंद लेन्सच आली. ती माझ्या तोंडाला बसली. तिच्यातून सगळंच मागे सरकायचं. शेजारचं घर काडेपेटीएवढं, डोंगर ढेकळाएवढा! सगळं मागे सरकलं की बघणारा पुढे सरकतो. सुन्नुवाही सरकू लागली. आज एक पाऊल, उद्या आणखी एक.

आमच्या गावात होड्या ओढायच्या उतारावर एक रेषा आहे. तिच्या वर दगड करडा आणि कोरडा, खाली काळा आणि शेवाळलेला. लहान मुलालाही माहीत असतं की शेवाळाच्या खाली समुद्राचं घर. तिथे फक्त होडी लावायला जायचं, आणि तेही समुद्राकडे तोंड करून.

त्या दुपारी समुद्र अचानक गप्प झाला. सुन्नुवाला वाटलं, वा, काय मस्त शांत पाणी! तिने तिकाटणं शेवाळावर रोवलं. वारा होता, म्हणून माझा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला.

खिडकीतून आजोबांची हाक आली. "सुन्नुवा! वर ये! गप्प बसलाय म्हणजे श्वास घेतोय तो!"

तिने माझ्यातून पाहिलं. दूर एक पांढरी रेघ होती, दोऱ्याएवढी.

"केवढीशी तर आहे, आजोबा! एकच फोटो!"

त्यांच्या दुर्बिणीत तीच रेघ भिंतीएवढी दिसत होती. हे मला समजत होतं, मित्रांनो, पण मला कुठे आवाज आहे?

तिने बटण दाबलं. आरसा उचलला गेला, झडप उघडली आणि तिचा माझ्यावर टेकलेला डोळा काळोखात गेला. पाणी ओसरत होतं, खडे खाली घरंगळत होते. धुक्यासारखं पाणी हवं होतं, म्हणून आरसा अजून वरच होता.

मग लाट आली.

तिकाटणं उन्मळलं. मी समुद्राकडे ओढला गेलो आणि पट्ट्याने सुन्नुवा माझ्यामागे! आजोबा कंबरभर पाण्यात धडपडत आले.

"सोड त्याला!"

"सुटत नाहीये! आजोबा, सुटत नाहीये!"

त्यांनी खिशातला चाकू काढला, वाळवलेलं मटण कापायचा, आणि पट्टा कापला.

दोघं वर आली. माझा डोळा दगडावर फुटला. ओहोटीला मी सापडलो. माझ्या पोटातल्या कार्डावर तो फोटो शाबूत होता, भिंतीवर लावलाय. करडं आकाश, धुक्यासारखं पाणी, मध्ये पुसटशी पांढरी रेघ. पाहुणे म्हणतात, "किती शांत आहे हो!" त्या पाण्याची थंडी आजोबांच्या छातीत बसली, ती उतरलीच नाही. वसंतात गावाने त्यांना चर्चमागच्या मातीत ठेवलं.

काल बिरिताची दीक्षा झाली. नवा कॅमेरा आलाय, छान चकचकीत. लेन्स तिने स्वतः निवडली. रुंदच!

आत्ता ती दारात उभी आहे, पट्टा मनगटाला गुंडाळून. सुन्नुवाने तो सोडवला आणि तिच्या खांद्यावर सैल टाकला. मग माझ्या शेजारची आजोबांची दुर्बीण काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"तू कशाला येतेस, ताई?"

"तू फोटो काढ. मी समुद्र बघते."

दोघी उतारावरून खाली गेल्या आहेत. बाहेर समुद्राचा आवाज थांबलाय.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. डोळा अधूनमधून आमच्यावरून काढा. आणि वेळ आली तर आम्हाला सोडून द्या. पटकन सोडा.