धुतलेल्या बाटल्या

शिंपीणकाकू दुधाची रिकामी बाटलीसुद्धा पाहुण्यांपुढे ठेवावी इतकी लख्ख धुवायच्या. "उद्या यात दुसऱ्या कुणाच्या लेकरासाठी दूध भरणार आहेत," असं घरात बजावायच्या. सुनेनं एकदा बाटली कचऱ्यात टाकली, तर तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

त्या सकाळी पिशवीभर बाटल्या घेऊन काकू दुकानात गेल्या. रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या खिडकीतल्या बाईनं एक बाटली उचलली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"लेबल कुठंय?"

"गरम पाण्यात भिजवून काढते मी."

"लेबल नाही तर डिपॉझिटचे पैसे परत नाहीत. मशीन वाचत नाही."

"अहो, बाटली तुमचीच आहे. उलट साफ करून आणलीय."

"साफ करायला कुणी सांगितलं होतं?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजर कुठे भेटतील, असं त्यांनी विचारलं. बाईनं मान वर न करता मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

मागच्या आवारात मॅनेजर नव्हता. जाड हातमोजे घातलेला एक हमाल परत आलेल्या बाटल्या क्रेटमधून काढून लोखंडी पिंपात आपटत होता. सगळ्या लेबलासकट.

"हे काय करताय?"

"फोडतोय. अख्ख्या ठेवल्या तर जागा पुरत नाही."

"पण यात परत दूध भरतात ना?"

"भरायचे पूर्वी. आता डेअरीला नवी बाटली स्वस्त पडते. हा सगळा माल कचऱ्याच्या खड्ड्यात जातो, काकू." त्यानं हात पुढे केला. "तुमच्याही द्या. मला लेबल नसलं तरी चालतं."

पिशवी उराशी धरून काकू उभ्याच राहिल्या. तोवर आणखी एक क्रेट रिकामा झाला.

आत येऊन त्यांनी रांगेतल्या एका गृहस्थांना सांगितलं, "इथं घेतलेल्या बाटल्या मागे फोडताहेत. मी डोळ्यांनी पाहिलं."

"असेल," ते म्हणाले, "आपलं डिपॉझिट मिळतंय ना?" आणि पाऊलभर पुढे सरकले. त्यांच्या मागचेही सरकले.

घरी सुनेनं विचारलं, "घेतल्या का?"

काकू चप्पल न काढताच खुर्चीत टेकल्या. "फोडतात गं त्या."

सुनेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तीही समोर बसली. दुसऱ्या दिवशी ती किटली घेऊन सुटं दूध आणायला गेली. पिशवीतल्या बाटल्या मात्र काकूंच्याने ना वापरवल्या, ना टाकवल्या.