बोलणी मोडली, त्याचं काय?

उमेदवार आमच्या इस्त्रीच्या दुकानात शिरला तोच छातीवर चहा सांडून. समोरच्या चौकात त्याची सभा, भाषणाची वेळ झालेली, आणि शर्टाची ही कळा! मी डाग काढला, शर्ट टेबलावर पसरला. साहेब बनियनवर स्टुलावर बसले. म्हटलं, असा उमेदवार पुन्हा हाती लागायचा नाही.

"साहेब, एक विचारू? बोलणी मोडली, त्याचं काय करणार?"

कपड्यांच्या ढिगाआडून आमचे हे खाकरले. दुकानात गिऱ्हाइकाला छळायचं नाही, हा ह्यांचा दंडक. पण पोर माझं सीमेवर! पलीकडच्या देशाशी बोलणी चालू होती तोवर रोज फोन करायचं, जेवलीस का म्हणून विचारायचं. बोलणी मोडली, गोळीबार पुन्हा सुरू झाला, आणि फोन बंद.

"अरेरे!" साहेब कळवळले. "कुठवर आली होती बोलणी?"

"होतच आली होती की! सह्याच तेवढ्या राहिल्या होत्या."

"मग घोडं पेंड कुठे खातंय? मानपान?"

"तर काय! आधी कोणी कोणाच्या दारी जायचं, यावरून बिनसलं."

"मुलीकडचे फारच ताठ दिसतात. पत्ता द्या, मी स्वतः जातो समजवायला."

माझ्या हातातली इस्त्री अधांतरीच राहिली. "कसली मुलगी? अहो, मी लढाईचं बोलतेय! पोर आहे माझं तिकडे!"

ढिगाआडून हे फिस्सकन हसले. साहेबांचा चेहरा मात्र पडला. "ताई, शर्ट द्या ना. उशीर होतोय."

"आधी सांगा. बोलणी पुन्हा सुरू करा, असं म्हणणार का?"

"म्हणेन."

"मला सांगून काय उपयोग? माईकवर म्हणा."

"बरं बाई, माईकवर!"

दिला शर्ट. भोळीच मी.

थोड्या वेळाने लाउडस्पीकर गरजला. "बंधू-भगिनींनो, या निवडणुकीनंतर बोलणी..." मी श्वास रोखून उभी. "...बोलणी खावी लागतील विरोधकांना!" टाळ्यांचा नुसता कडकडाट.

माझं डोकंच फिरलं, आणि पाठोपाठ रडूही फुटलं. ह्यांनी इस्त्री बंद केली, शटर ओढलं.

"चल," म्हणाले, "गिऱ्हाईक दुकानाबाहेर गेलं. आता छळ."

गर्दी रेटत मी थेट स्टेजपाशी गेले. "साहेब, माझ्या पोराचं काय?"

मला बघताच साहेबांनी दोन्ही हातांनी अंगातला शर्ट घट्ट धरला. "ताई, हे इथे नको."

माईक चालूच होता. सगळ्या चौकाने ते ऐकलं. आणि मागून कोणीतरी बाई ओरडली, "इथे नाही तर कुठे? माझाही तिकडेच आहे!"