बायकांच्या खोलीतला उजेड

आखाडा बाळापुरात तीस वर्षं फोटो काढले शकीलनं, पण निकाहातले खरे फोटो त्याच्या बायकोचे, बिलकीसचे. बायकांच्या खोलीत गड्याला कोण घेतं? बिलकीस कॅमेरा ओढणीखाली धरून आत जायची, अन् हा बाहेर मंडपात बिर्याणीवर ताव मारत बसायचा. फ्लॅश चमकला की बाया चेहरे झाकायच्या, म्हणून ती खिडकीच्या उजेडावरच भागवायची. छत्तीसचा रोल संपवून बाहेर आली की अंगाला मेंदीचा वास, अन् पोटात खबरी: कोण खरं रडलं, कोण नुसतं नाक ओढत होतं. लाल दिव्याखाली फोटो धुताना ती सगळं सांगायची, अन् शकील हसता हसता दोन फोटो तरी काळे करायचा.

आता तिचे हात थरथरायचे. भाचीचं, अलमासचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, अन् बिलकीस म्हणून राहिली होती की कॅमेरा विकून टाका.

शकीलनं डॉक्टरकडं जायचं सांगून तिला हिंगोलीच्या गाडीत बसवलं अन् थेट कॅमेऱ्याच्या दुकानात नेलं.

दुकानदार रणजीतनं हातभर लांब झूम लेन्स काढली. लांबचं जवळ आणते, हात हलला तरी सांभाळून घेते, अशी तिची लई तारीफ केली. शकीलनं भोळा चेहरा करून त्याला दोन ट्यूबलाइट बंद करायला लावल्या, बायकांच्या खोलीएवढाच उजेड ठेवला. ती लेन्स लावून बिलकीसच्या हातात कॅमेरा दिला, रणजीतला समोर उभं केलं अन् असा चावट किस्सा सांगितला की गडी पोट धरून हसला. बिलकीसनं झूम पूर्ण ओढून फोटो घेतला. मागची भिंत बराबर आली, रणजीतचं तोंड मात्र पिठल्यासारखं पसरलेलं.

"माझ्या हातानंच बिघडलं," ती म्हणाली.

"हात सांभाळला की लेन्सनं, भिंत बघ. पण हसणाऱ्या बायांना कोण सांभाळंल?"

मग शकीलनं तिला कॅमेऱ्यावरचा आकडा दाखवला. झूम ओढली तसा साडेतीनचा पाच पॉइंट सहा झाला होता. आकडा वाढला म्हणजे लेन्सच्या आतली खिडकी लहान झाली, उजेड कमी अन् फोटो घ्यायला वेळ जास्त, तेवढ्यात हसणारं तोंड हलतं. त्यानं टू पॉइंट एटची मागितली. ती कितीबी ओढा, खिडकी तेवढीच उघडी. लेन्स निघाली आखूड, किंमत मात्र लांबलचक.

"एवढी आखूड?" बिलकीस कुरकुरली.

"तुला काय रस्त्यापल्याडून फोटो काढायचेत? पोरीच्या शेजारी तर बसायचं."

शकीलनं नुसतं तोंड उघडलं तर रणजीत आधीच हसायला लागला. बिलकीसनं बटण दाबलं. या फोटोत त्याचे दात मोजून घ्यावेत, सुपारीच्या डागासकट.

तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दात मोठे करून बघितले. रणजीतनं ट्यूबलाइट लावल्या, तरी तिनं कॅमेरा खाली ठेवला न्हाई.

"अलमासची मेंदी किती वाजता हाय हो?"

"मला काय ठाऊक," शकील म्हणाला, "मला कोण आत घेतं?"