जुळ्यांच्या पाळण्याचा खुलासा

विषय : जुळी बाळे मुदतीआधी आल्याबद्दल माझ्यावर ठेवलेला ठपका.
संदर्भ : कुसाबाईंचा तोंडी आरोप, स्वयंपाकघरातून, वारंवार.

महोदय, मी पाळणा बोलतोय. लोखंडी नळ्यांचा, दोन कप्प्यांचा, राहणार इंदिरानगर, नाशिक. अंबडच्या कारखान्यात वेल्डर असलेल्या अमोलने सुट्टीच्या दिवशी मला जोडले. मूल व्हावे म्हणून कित्येक वर्षे उपचार झाले, आणि त्याच्या बायकोच्या, तेजस्विनीच्या सोनोग्राफीत एकदम दोन ठोके दिसले. आनंदात माणूस काय करील सांगता येत नाही. हा घरी येऊन नळ्या कापू लागला.

त्याच्या आई कुसाबाई देवळ्याहून आल्या आणि मला पाहताच त्यांनी कपाळाला हात लावला. "आरं, पोरं व्हायच्या आधी पाळणा? लय घाई तुला!" रिकामा पाळणा हलू नये म्हणून मला दोरीने जखडले. चौकशी नाही, थेट अटक.

डॉक्टरांनी मात्र बजावले होते : जुळी लवकर येऊ शकतात, त्यात उपचारांनंतरची असली तर जास्तच जपायचे. पोट कडक झाले, पाठ धरली, की घरी थांबायचे नाही.

सातवा संपत आला होता. एका दुपारी तेजस्विनीची पाठ भरून आली. पोट दगडासारखे घट्ट होई, सैल पडे, पुन्हा घट्ट होई.

"या दिवसांत दुखतंच गं. पडून राहा," कुसाबाई म्हणाल्या.

"आई, रिक्षा बोलवा!"

"अगं, रविवारी डोहाळजेवण हाय, आचारी सांगितलाय..."

"आचाऱ्याला सांगा, पाहुणे आधीच निघालेत!"

माझा एकेक जोड ताठ झाला. ती वेळेत पोचली म्हणून कळा थोड्या थोपवता आल्या, बाळांच्या फुप्फुसांसाठीचे इंजेक्शन देता आले. मग मुलगी आली, पाठोपाठ मुलगा. दोघे मूठभर, थेट काचेच्या पेटीत. "आई, रडली! दोघंही रडली!" अमोल फोनवर ओरडत होता. रडण्याचे इतके जंगी स्वागत मी प्रथमच ऐकले.

पण दोष कुणाला तरी चिकटवावाच लागतो. "पाळणा आधी आला, म्हणून पोरं आधी आली." खुलासा एवढाच, की मी नवव्या महिन्यापर्यंत थांबायला तयार होतो. शिवाय बांधलेला होतो.

काल मुलगी घरी आली! वजन धरलेली, अंगावर नीट पिणारी. कुसाबाईंनी स्वतः दोरी सोडली, मला पुसले, मऊ लुगड्याची घडी अंथरली. ठपका मागे घेतल्याचे कोणी बोलले नाही. अमोल दुसऱ्या कप्प्यात दुपटी ठेवायला गेला, तर त्या कडाडल्या, "तिथं काय नाय ठेवायचं! ती जागा त्याची हाय."

मुलगा अजून रुग्णालयात आहे. झोपेत मधूनच श्वास घ्यायला विसरतो. ते थांबले की सोडू, असे डॉक्टर म्हणतात. तेजस्विनी आत्ताच त्याला दूध पाजायला गेली आहे. त्याला माझ्याकडे पाठवावे, असा माझा अर्ज आहे.

अर्ज प्रलंबित आहे.